गालातला खळगा

स्वानंदीच्या दंडावर आधी एक गाठ आली. दुखरी, वरची कातडी जांभळट. मग तशीच गालावर. मोहालीच्या ऑफिसात मैत्रिणींनी तिला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मोहालीशेजारच्या खरड गावातल्या त्यांच्या सोसायटीत लोक तिच्या नवऱ्याशी, क्षितिजशी, बोलेनासे झाले.

पहिल्या डॉक्टरांनी क्षितिजला बाहेर बसवून तिला विचारलं, नवरा मारतो का? हे विचारायलाच हवं होतं, हे तिलाही कळत होतं. पण ती नाही म्हणाल्यावर त्यांनी गाठीला बोटही लावलं नाही. मुका मार म्हणून मलम लिहून दिलं, वर हेल्पलाइनचा नंबर.

गाठी जिरल्या, पण तिथलं मांसच आत गेलं. गालात अंगठा मावेल एवढा खळगा पडला. साताऱ्याहून तिची आई, सुलोचनाबाई, आल्या. त्यांनी तो पाहिला आणि जावयाशी अबोला धरला. त्याने केलेला चहा सिंकमध्ये ओतला. स्वानंदी सांगून थकली. शेवटी क्षितिज पंचकुलाला मित्राकडे राहायला गेला.

दंडावर नवी गाठ आली तेव्हा ती दुसऱ्या, त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेली. या बाईंनी गाठ दाबून पाहिली, जुने खळगे चाचपले. माराने असं मांस झिजत नाही, म्हणाल्या. खोल, चरबीपर्यंतचा तुकडा काढून तपासायला पाठवला. ल्युपस निघाला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार; त्यातलाही कातडीखालच्या चरबीत उतरणारा, क्वचित दिसणारा. गोळ्या घ्यायच्या, ऊन टाळायचं. नव्या गाठी बहुतेक थांबतील, पडलेले खळगे मात्र आपोआप भरणार नाहीत.

सुलोचनाबाईंनी हात जोडले. "सुटले बाई. आजारच निघाला."

"मी पहिल्यापासून तेच सांगत होते," स्वानंदी म्हणाली. "माझ्या दंडाचा तुकडा काढल्यावर पटलं तुला?"

आईचं काळीज आहे, असं काहीसं त्या बोलू लागल्या. स्वानंदीने फोन त्यांच्या हातात दिला.

"क्षितिजला लाव. माझ्यासमोर माफी माग."

जावयाची कसली माफी, म्हणत त्यांनी फोन दोनदा खाली ठेवला. मग लावला.

क्षितिज परत आला. पहिल्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये शेजारच्या आंटींनी आधी तिच्या गालाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो पुटपुटला, "राहू दे."

तिने राहू दिलं नाही. आजाराचं नाव हिंदीत, मोठ्याने सांगितलं. आंटींनी मान खाली घातली, तरी पुन्हा सांगितलं.