वस्तीला दोन

नीरजाने मला जेवताना विचारलं नसतं, तर मी कदाचित नीट विचार करून उत्तर दिलं असतं. असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण नीट विचार करूनही मी तेच आकडे दिले असते की काय, याची खात्री मला देता येत नाही. म्हणून जे झालं ते झालं तसं लिहितो.

नीरजा माझी मुलगी. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ती हडपसरला एका आयटी कंपनीत होती आणि तिची कंपनी त्या वर्षी एक विलक्षण सॉफ्टवेअर तयार करत होती. शत्रूची क्षेपणास्त्रं शहरावर आली, तर आपली क्षेपणास्त्रं त्यांना आकाशातच कुठे आणि कशी गाठतील, याची आखणी ते करायचं. सैन्याच्या खरेदीसाठी पुढे कधीतरी निविदा निघणार होती. त्याआधी एका प्रदर्शनात नमुना मांडायचा होता. नमुन्यासाठी त्यांनी पुणंच घेतलं होतं.

"गुप्त वगैरे काही नाही हं बाबा," ती म्हणाली. "नकाशा दुकानात मिळतो तोच आहे. फक्त ठिकाणांना एक ते दहा व्हॅल्यू द्यायच्यात. तुम्हाला पुणं पाठ आहे, तुम्ही सांगा, मी टाकते."

ताटाशेजारी तिचा लॅपटॉप उघडा होता. मी आधी शब्द विचारले. ती माझी जुनी खोड. तिने सांगितलं, ज्याचं रक्षण करायचं ते ठिकाण म्हणजे डिफेंडेड ॲसेट. ते किती मोलाचं, ती ॲसेट व्हॅल्यू. आपल्या माऱ्यातून निसटून जे खाली येतं, त्याला लीकर म्हणतात. मला 'रक्षणीय स्थळ' असा प्रतिशब्द सुचला, पण तो फारच जड वाटला, म्हणून बोललो नाही.

मी ग्रंथपाल होतो. कशाला कुठला क्रमांक द्यायचा हे ठरवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे असलं काही कुणी विचारलं की मला आतून बरं वाटतं, हे कबूल केलं पाहिजे. मी भराभर सांगत गेलो. आमच्या भागातल्या जुन्या ग्रंथालयाला दहा.

"दहा?" नीरजा हसली.

"हस्तलिखितं आहेत तिथे. हस्तलिखित पुन्हा होत नाही."

पाण्याच्या शुद्धीकरण केंद्राला नऊ, सरकारी रुग्णालयाला नऊ. खडकीच्या दारूगोळा कारखान्यालाही नऊ. रेल्वे स्टेशनला आठ. स्वारगेटला सात.

"आणि वस्त्या? कारखान्याच्या क्वार्टर्स वगैरे?"

"वस्त्या काय, सगळीकडेच असतात," मी म्हणालो. "दोन दे."

आणि मी तिच्याकडे ताक मागितलं.

पुढच्या महिन्यात कंपनीत कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी एक दिवस ठेवला होता. नीरजाने आत्यालाही बोलावलं. मुक्ताई ही माझी मोठी बहीण. मी तिला अक्का म्हणतो. मेव्हणे गेल्यावर ती मुलाकडे, सुखदेवकडे राहते. सुखदेव दारूगोळा कारखान्यात आहे, आणि राहायला तिथल्याच क्वार्टर्समध्ये. खडकीहून अक्का स्वारगेटला आली, तिथून आम्ही हडपसरची बस धरली. वाटेत ती म्हणाली, "सुनेलाही यायचं होतं, पण तिची ड्यूटी लागली." सून प्रियदर्शनी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे.

कंपनीत सामोसे, सरबत, फुगे, लहान मुलांसाठी चित्रकलेचं टेबल असं सगळं होतं. एका थंडगार खोलीत भिंतभर पडदा होता आणि त्यावर पुणं. नीरजाचा सहकारी योगेश ते दाखवत होता. उत्साही मुलगा. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना समजावं म्हणून तो फार मनापासून बोलत होता.

"आजी, हे आपण आपल्या खर्चाने नेऊन दाखवणार. त्यांनी घेतलं तर घेतलं, नाही तर राम राम. नो कॉस्ट, नो कमिटमेंट म्हणतात त्याला."

"म्हणजे कांदेपोह्यांसारखं," अक्का म्हणाली. "खर्च मुलीकडचा."

सगळे हसले. योगेशने पुढे सांगितलं, "समजा, एकदम आठ मिसाइल आली. आपल्याकडे त्यांना अडवणारे इंटरसेप्टर चौदा. एखादा चुकू शकतो म्हणून प्रत्येकावर दोन दोन सोडायचे. म्हणजे सातांची सोय झाली."

"आणि आठवं?"

"ते सोडून द्यायचं, आजी. खरेदीच्या अटींमध्येच ते धरलेलं असतं. ॲक्सेप्टेबल लीकेज. इतकी गळती चालेल, असं."

त्याने बटण दाबलं. पडद्याच्या वरच्या कडेने आठ तांबड्या रेघा निघाल्या. खालून हिरव्या रेघा वर गेल्या. एकेक तांबडी रेघ विझत गेली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. आठवी रेघ शांतपणे खाली आली. तिला कुणी अडवलं नाही. ती खडकीत उतरली, एक वर्तुळ उमटलं, आणि त्याच्या शेजारी अक्षरं आली : फॅक्टरी क्वार्टर्स, व्हॅल्यू २.

मुलांनी याही वेळी टाळ्या वाजवल्या.

माझ्या हातात सरबताचा पेला होता. मी तो खाली ठेवायला जागा शोधत राहिलो, समोर टेबल असताना.

"हे आमचं," अक्का म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता. "ते बघ, रेल्वेचं फाटक. त्याच्या अलीकडे आमच्या चाळी. इथेच का पडलं रे?"

"सगळ्यात कमी व्हॅल्यू आहे ना आजी. सिस्टिम बरोबर चालली आहे. कारखाना बघा, शेजारीच आहे पण त्याला धक्का नाही."

"कमी कुणी दिली?"

योगेशने मोकळेपणाने माझ्याकडे हात केला. "काकांनीच तर दिल्या सगळ्या. नीरजाने सांगितलं आम्हाला, फार विचार करून दिल्यात."

नीरजा म्हणाली, "आत्या, हा नुसता नमुना आहे गं."

अक्काने तिच्याकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडेही पाहिलं नाही. पडद्यावर बोट ठेवून ती ठिकाणं वाचत गेली. तिला इंग्रजी अक्षरं सावकाश लागतात. ग्रंथालयाशी ती थांबली.

"ह्याला दहा."

"हस्तलिखितं आहेत तिथे, अक्का," मी म्हणालो. "ती पुन्हा होत नाहीत."

"आणि सुखदेव पुन्हा होतो वाटतं."

ग्रंथालयाभोवती संरक्षित भाग दाखवणारं हिरवं कडं होतं. त्या कड्याच्या आत काय काय येतं ते पाहत ती म्हणाली, "तुझं घर ग्रंथालयाच्या मागेच की, रंगा."

खरंच सांगतो, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. निदान मला तसं वाटतं. आमची इमारत त्या हिरव्या कड्याच्या अगदी मधोमध होती. मी दहा दिले ते पोथ्यांना दिले, की पोथ्यांच्या मागे झोपणाऱ्या माझ्या मुलीला आणि मला? ताक मागता मागता माणूस काय काय ठरवून मोकळा होतो? मी मनात शोधत राहिलो आणि मला काहीच सापडेना.

"बदल," मी नीरजाला म्हणालो. "क्वार्टर्सना दहा कर."

"करते बाबा. पण मग दुसरं कुणीतरी खाली जाणार. आठातलं एक राहणारच."

"सगळ्यांना सारखे द्या," अक्का म्हणाली. "कुणी लहान नको, कुणी मोठं नको."

योगेशला ही कल्पना आवडली. त्याने सगळीकडे पाच टाकले. पुन्हा तांबड्या रेघा, पुन्हा हिरव्या. सात विझल्या. आठवी शहराच्या मधोमध आली आणि रुग्णालयावर उतरली.

"सगळं सारखं असलं की जे सगळ्यात शेवटी येतं ते सोडतं," योगेश म्हणाला. "कशावर तरी ठरवायला लागतंच ना त्याला."

अक्का खुर्चीवर बसली. प्रियदर्शनी त्या घडीला त्याच इमारतीत होती. अक्काने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं मला दिसलं. मघाशी ती माझ्यावर रागावली होती. आता तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझ्या चेहऱ्यावर जे असेल तेच तिच्या चेहऱ्यावर होतं. सारखे द्या म्हणणारीही तीच होती.

बाहेर फुगा फुटल्याचा आवाज आला आणि आम्ही दोघंही दचकलो.

योगेशला पुढच्या घरच्यांना आत घ्यायचं होतं. त्याने पहिले आकडे पडद्यावर परत आणले आणि हळूच विचारलं, "मग काका, पहिल्याच व्हॅल्यू ठेवू ना? प्रदर्शनात त्याच जायच्यात. सरांनी पास केल्यात."

मी मान हलवली असती. गर्दीत कुणी काही विचारलं की मी मान हलवतो. पण अक्काने मध्येच विचारलं, "हे आकडे कुणी दिले ते कुठे दिसत का नाही?"

"तो रकाना आहे आजी. असाइन्ड बाय. पण तो कुणी भरत नाही. आम्ही युजर वन टाकून देतो."

"युजर वन कोण?"

"कुणीच नाही."

"मग माणसाचं नाव घाल त्यात."

"आत्या, ते पडद्यावर दिसेल," नीरजा म्हणाली. "प्रत्येक वेळी."

"दिसू दे."

योगेशने नीरजाकडे पाहिलं, नीरजाने माझ्याकडे. मी पुढे झालो. मला टायपिंग दोन बोटांनी येतं. रंगराव बळवंत साबणे. मधलं नाव अक्काच्याही वडिलांचं होतं. मी ते लिहिलं. आकड्यांना हात लावला नाही. कुठला आकडा बदलून कुणाला खाली ढकलायचं, हे मला सांगता आलं नसतं. ते न बदलणं हेही सांगणंच होतं, हे मला तेव्हाच कळत होतं.

योगेशने बटण दाबलं. आठवी रेघ खडकीत उतरली. वर्तुळ उमटलं. फॅक्टरी क्वार्टर्स, व्हॅल्यू २, असाइन्ड बाय रंगराव बळवंत साबणे.

या वेळी मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. बहुतेक कंटाळली असतील.

"क्लायंटला हे आवडायचं नाही," योगेश पुटपुटला.

परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीशी बसली आणि स्वारगेटपर्यंत बाहेरच पाहत राहिली. मला वाटलं, आता ती मला कायमची तोडणार. आम्ही दोघंच भावंडं उरलो आहोत. स्वारगेटला उतरल्यावर मी विचारलं, "तुझ्याबरोबर घरी येऊ?"

"ये. जेवूनच जा," ती म्हणाली. "पण सुखदेवला तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

खडकीला पोचलो तेव्हा सुखदेव नुकताच पाळी संपवून आला होता. प्रियदर्शनीही ड्यूटीवरून आली होती. तिला दारात पाहून अक्काने उगाचच तिच्या दंडाला हात लावला. आम्ही जेवायला बसलो. शेंगदाण्याची आमटी होती. मी ताट बाजूला सारून सांगायला सुरुवात केली. ताकापर्यंत सगळं सांगितलं. वस्त्या काय, सगळीकडेच असतात, हेही माझ्याच शब्दांत सांगितलं. माझं घर हिरव्या कड्यात आहे हे सांगितलं. सांगताना मी सुखदेवच्या ताटाकडे पाहत होतो. त्याने उठून मला बाहेर काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तो भाकरीचा तुकडा मोडत थांबला. "मामा, कारखान्याला किती दिले?"

"नऊ."

त्याने जरा विचार केला आणि मान डोलावली.

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. "कारखाना राहिला पाहिजे. आम्हालाही तसंच सांगतात, ड्रिल असतं तेव्हा. आधी माल, मग मशीन, मग माणसं. तुम्ही कशाला जिवाला लावून घेता? बरोबरच दिलेत तुम्ही." आणि तो बायकोला म्हणाला, "मामांना आमटी वाढ."

प्रियदर्शनी जागची हलली नाही. ती त्याच्याकडे पाहत होती, जणू हा माणूस आजच घरात आला होता. अक्काने हातातली पळी पातेल्यात सोडून दिली. तेवढा आवाज झाला. सुखदेव शांतपणे जेवत होता, आणि आम्ही तिघं त्याला जेवताना बघत बसलो.