उसना सांगाडा

पेणच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या हायस्कुलाचे दामोदर हेडसर कोणावर जळत नसत. फक्त रोह्याच्या त्र्यंबकवर जळत, पण ते मात्र मनापासून. दोघे बी.एड.ला एका बाकावर होते आणि आता दोघांच्याही शाळा विनाअनुदानित. दामोदरांकडचे गणिताचे सर डोलवीला कंपनीत रात्रीची शिफ्ट करून दिवसा प्रमेयं शिकवत. विज्ञानाच्या श्यामला मॅडम तर कित्येक वर्षं ‘पुढच्या मार्चपासून पगार’ या एका वाक्यावर तग धरून होत्या.

अखेर अनुदानाची तपासणी लागली. अनुदान द्यायचं की नाही, ते अलिबागचे साहेब प्रयोगशाळा बघून ठरवणार. सोमवारी रोहा, मंगळवारी पेण. प्रयोगशाळेत माणसाचा सांगाडा हवाच, आणि तो दोन शाळांत मिळून एकच होता, दामोदरांचा. दर तपासणीला तो टेम्पोत बसून रोह्याला जाई. बदल्यात त्र्यंबकचे सूक्ष्मदर्शक पेणला येत.

या खेपेला मात्र दामोदरांच्या कानावर आलं, की त्र्यंबकनं शाळेच्या दारात कारंजं बसवलंय. कारंज्यानं त्यांची झोप उडाली. रविवारी शिपाई पोपट सांगाडा टेम्पोत चढवू लागला, तेव्हा हेडसरांनी हळूच कवटी काढून पिशवीत घातली.

“सर, ह्याला डोकं नाय!”

“वाटेत पडलं म्हणून सांग.”

“पर आपण अजून निघालोच नाय की!”

“मग निघ.”

सोमवारी हेडसर दिवसभर प्रसन्न होते. मंगळवारी सांगाडा परत आला, कवटी बसली, साहेब आले.

“सांगाडा अगदी रोह्यासारखाच,” साहेब म्हणाले. “फक्त त्यांच्याला डोकं नव्हतं. विचारलं, तर हेडसर म्हणाले, डोकं मुलं करतायत. आणि खरंच हो, पोरं व्हरांड्यात बसून शाडूच्या कवट्या घडवत होती, दातसुद्धा मोजून! याला म्हणतात कृतीतून शिक्षण.”

“अस्सं,” दामोदर म्हणाले.

साहेबांनी कवटीवर टिचकी मारली. “तुमची विकतची. कमाल आहे, हेडसर! अख्ख्या महाराष्ट्राला गणपती पुरवणारं पेण, आणि तुमच्या मुलांना एक डोकं घडवता येऊ नये?”

रोह्याची शिफारस झाली. पेणला कळवण्यात आलं, पुढच्या वर्षी पाहू.

त्याच दिवशी त्र्यंबकचा फोन आला. “दाम्या, तुझे उपकार कसे फेडू? डोकं असतं, तर हे सुचलंच नसतं रे!”

“मुद्दामच काढलं होतं.” इतकं खरं दामोदर त्र्यंबकशी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

“वाटलंच मला! मित्र असावा तर असा.”

श्यामला मॅडम केव्हाच्या दारात उभ्या होत्या. “सर, रोह्याला आता जागा भरतील ना? तुमची एवढी मैत्री… माझ्यासाठी शब्द टाकाल?”

हेडसरांनी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

“तुम्हीच बोला, मॅडम. तिथं काही चांगलं बोलायचं म्हटलं, की माझा घसा बसतो.”