एकोडीचा हिरवा रंग

पुण्यात सरिताच्या लेकीचा पाळणा सजला होता. बाळाला आत्या नव्हती, म्हणून कानात नाव सांगायचा मान आजीचा, म्हणजे सरिताच्या आईचा, एकोडी गावच्या बायजाबाईंचा, पण व्हिडिओ कॉल काही लागेना.

गावाला इंटरनेट पुरवायची ती त्यांची सूनच, रीना. तिनं मांडीवर आपलं लेकरू घेऊन इंटरनेटचे रस्ते तपासणारं वेबपान उघडलं. एकोडीपुढे लाल खूण होती. एकोडीला इंटरनेट देणारी वरची मोठी कंपनी बदलली, पण इंटरनेटच्या नोंदीत जुन्याच कंपनीचा क्रमांक राहिला होता. म्हणून बाहेरच्या इंटरनेट कंपन्या एकोडीला तोतया समजून दार लावत होत्या.

"काहून लागत नाही वं?" बायजाबाईंनी विचारलं.

"आपल्या एकोडीचं लग्न झालं तरी कागदावर माहेरचंच नाव हाये, आई."

"मंग सांग न त्याईले, सून आमची हाये म्हणून."

रीनानं नोंदीत नव्या कंपनीचा क्रमांक घातला. लेकरू दूध पिऊन झोपलं तोवर खूण हिरवी झाली आणि कॉल लागला. सरितानं फोन बाळाच्या कानाशी धरला आणि बायजाबाईंनी इतक्या जोरात "कुर्रर्र" केलं, की रीनाचं लेकरू जागं होऊन खुदकन हसलं.