रविवारचा पाक

मी एक जुनी लोखंडी काहील आहे, मित्रांनो. मेपलच्या राईत, एका लाकडी खोपीच्या वळचणीला पालथी पडलेली असते. मला कान एकच. दुसरा बैलगाडीतून पडून तुटला, त्यात माझी काही चूक नव्हती.

नदीकाठच्या ओतशाळेत वाळूच्या साच्यात माझा जन्म झाला. मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरातल्या वाइल्डर म्हाताऱ्यानं मला विकत घेतलं आणि दर वसंतात माझ्यात मेपलच्या झाडांचा गोड रस आटवून साखर केली. ती वर्षं मजेची होती. पण पुढं दुकानात उसाची साखर आणि काकवी स्वस्त झाली, म्हातारा वारला आणि मला डुकरांपुढं ठेवलं गेलं. डुकरं वाईट नसतात हो. पण ज्या पोटात पाक उकळला, त्यात खरकटं साचलं की वाईट वाटतंच.

तिथून मला काढलं ते केझायानं, म्हाताऱ्याच्या मुलीनं. वाळू आणि राख घेऊन दोन दिवस मला घासत होती, आणि घासता घासता स्वतःशीच बोलत होती, म्हणून मला सगळं कळलं.

गावच्या शाळेत सायलस नावाचा एक माणूस बोलायला आला होता. गुलामगिरीतून पळून तो दक्षिणेकडून आलेला. तिकडं उसाचा रस आटवताना भाजलेले आपले दोन्ही हात त्यानं दिव्यापुढं धरले. बाकी फार बोलला नाही. केझाया घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं चहातली साखर सोडली.

चहाचं कुणी मनावर घेतलं नसतं. पण शनिवार आला. आमच्याकडं शनिवारी घरोघरी काकवी घातलेल्या घेवड्याची हंडी भट्टीतून निघते. ती हंडी नाकारणं म्हणजे घरच नाकारणं. केझायानं ताटली पुढं सरकवली नाही. तिचा थोरला भाऊ असाहेल चर्चचा डीकन, म्हणजे पाळकांच्या हाताखालचा मानकरी, शब्दाचा पक्का आणि मानेनं ताठ. या घरात सगळे जे खातात ते तुला चालत नसेल तर स्वतःची चूल मांड, असं तो म्हणाला. लोइस वहिनीनं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, पण शब्द गेला तो गेला. केझाया म्हणाली, बरं, मांडते.

राई दोघांच्या सामाईकीची. रेल्वे नुकतीच खोऱ्यात येऊ घातली होती आणि इंजिनाच्या जळणासाठी असाहेलला ती तोडायला द्यायची होती. शेवटी दोघांचं ठरलं ते असं: वर्षभर पुरेल इतकी साखर केझायानं या झाडांमधून काढायची. खोपीच्या कोपऱ्यातलं ओकचं पिंप काठोकाठ भरलं तर राई उभी राहील. झाडांना कळ्या फुटेपर्यंत नाही भरलं, तर केझायानं घरी परतायचं, हंडीत असेल ते खायचं आणि राईत कुऱ्हाड चालेल.

म्हणून ती माझ्यासकट खोपीत राहायला आली. एक खाट, एक स्टूल, दोन चमचे. दुसरा चमचा पाहुण्याला. गाव म्हणायचं, पंधरा दिवसांत परत येईल. पण मित्रांनो, इतकं आनंदी माणूस मी पाहिलेलं नाही. सकाळी दार उघडलं की चिमुकले पक्षी तिच्या टोपीवर येऊन बसायचे. मक्याची लापशी शिजवताना ती गायची, आणि सूर चुकला की पुन्हा पहिल्यापासून गायची. पुस्तक वाचता वाचता लापशी करपवायची आणि करपलेलीच हसत खायची.

मेपलच्या रसाची मात्र स्वतःची मर्जी असते. रात्री कडक गारठा आणि दिवसा ऊन, असं जुळलं तरच तो पाझरतो. त्या साली मार्च सरत आला तरी गारठा हटेना. खोडाला भोक पाडून खाली टांगलेल्या बादल्यांत नुसती तळाला ओल, पिंप जेमतेम अर्धं. मग एके दिवशी दक्षिणेचा वारा सुटला आणि सगळ्या झाडांना एकदम पान्हा फुटल्यासारखं झालं. बादल्या भरून वाहू लागल्या. फांद्यांची टोकं लाल दिसत होती, म्हणजे उद्या कळ्या फुगणार. कळी फुगली की रस कडवट होतो, कामाचा राहत नाही.

आणि तो दिवस नेमका रविवार होता.

आमच्याकडं रविवार देवाचा, विसाव्याचा; त्या दिवशी झाडूसुद्धा उचलत नाहीत. केझाया बादली पालथी घालून तिच्यावर बसली, बायबल मांडीवर मिटलेलं. रस बर्फावर सांडत होता. बराच वेळ तिनं ते ऐकलं. मग उठली आणि माझ्याखाली जाळ लावला.

धूर सरळ वर गेला, चर्चच्या खिडकीतून नीट दिसेल असा. पाळकांनी म्हणे प्रवचनात तीनदा खिडकीबाहेर पाहिलं. प्रार्थना संपताच असाहेल निघाला, काळ्या कोटात, वाटेतल्या ओढ्यावर पाण्याची बादली भरून घेऊन. तोवर दुपार झाली होती आणि मी चांगली उकळत होते.

"विझव ते," तो म्हणाला.

"बादली तुझ्या हातात आहे," केझाया म्हणाली. "विझवायचं तर तू विझव. मी विचार करून पेटवलंय."

"सातव्या दिवशी काम नको, हा विचार बायबलात मोशेनं करून ठेवलाय. तुला वेगळा करायची गरज काय?"

"मोशेकडं मेपल नव्हते, असाहेल. ज्यानं रविवार केला, त्यानंच आज रस सोडलाय. मी त्याला विचारलं. तूही विचार."

त्यानं बादली उचलली. आणि अगदी तेव्हाच माझ्यात पाक फुगला. तान्हं बाळ रडायच्या आधी छाती भरून घेतं ना, तसा. फेस काठाशी आला. केझायाच्या दोन्ही हातांत लाकडं. काहिलीवर दोरीनं खारवलेल्या चरबीचा तुकडा टांगलेला असतो, तो टेकवला की फेस बसतो. असाहेल याच राईत वाढलेला. त्यानं बादली टाकली, उडी मारून दोरी खेचली, चरबी टेकवली. फेस मुकाट्यानं खाली बसला.

मग त्यानं झारा मागितला.

तास दोन तास त्यानं फेस काढला, पाक ढवळला. कोटाच्या बाह्या चिकट झाल्या. केझाया रस आणून ओतत राहिली. शेवटी तिनं हळूच आठवण केली, "रविवार आहे."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "जाळ मागं ओढ, खाली धरतंय."

पाक तारेवर आला तेव्हा तिनं पळीभर पाक स्वच्छ बर्फावर ओतला. तो सोनेरी, चिवट दोरा असाहेलनं काडीला गुंडाळून तोंडात टाकला. आई असंच ओतायची, एवढंच पुटपुटला. मग तोंडातलं गोड मोडायला मुरवलेली आंबट काकडी मागितली आणि पुन्हा पाक खाल्ला. दिवस मावळेपर्यंत पिंप इतकं भरलं की झाकण बसेना. दोघं त्या झाकणावर बसले आणि लहान पोरांसारखे हसले. दुसऱ्या दिवशी रस कडू झाला.

आता खरी गोष्ट. असाहेलला ढवळताना कुणी पाहिलं नव्हतं. दुपारनंतर बर्फावर धुकं चढलं आणि धूर त्यात मिसळून गेला, म्हणून गावाला वाटलं, डीकननं बहिणीची चूल विझवली. तो गप्प राहिला असता तर चर्चमधली त्याची जागा तशीच राहिली असती. पण पुढच्या रविवारी तो सगळ्यांसमोर उभा राहिला. लोइसनं नंतर इथं येऊन, माझ्या शेजारी बसून, डोळे पुसत आणि हसत ते सांगितलं.

"मी विझवायला गेलो होतो," तो म्हणाला, "आणि ढवळून आलो. पश्चात्ताप होईल म्हणून आठवडाभर वाट पाहिली. तो आला नाही. हेही तुम्हाला कळवणं भाग आहे."

पाळकांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग त्यांनी पुढच्या गीताचा आकडा सांगितला, आणि असाहेलचा आवाज त्या दिवशी सगळ्यांत वर लागला.

त्यानंतर तीस वसंत मी याच राईत उकळले. आता पातळ पत्र्याचे चपटे हौद आलेत, रस लवकर आटतो, माझं काम उरलं नाही. माझ्या पोटात एक उंदरीण दरवर्षी पिल्लं घालते. तिची काही तक्रार नाही, माझीही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं भांडं असेल तर त्याला ओलं ठेवू नका, अधूनमधून तेलाचं बोट लावा. गोड खाल तेव्हा ते कुणाच्या हातचं आहे हेही विचारून घ्या. आणि कधी इकडं आलात तर काठीनं मला एकदा वाजवून बघा. गंजले असले तरी मी अजून खणखणीत वाजते.