कुंपणाबाहेरची चक्की

मित्रांनो, मी खनिज दळणारी एक जुनी चक्की आहे. मी म्हणजे एक भलंमोठं आडवं लोखंडी पिंप. माझ्या पोटात पोलादी गोळे असत. मी फिरले की गोळे वर चढत, धाडकन खाली येत आणि मध्ये सापडलेल्या दगडाची भुकटी करत. जर्मनीत श्टुटगार्टच्या बाहेर, नेकार नदीच्या काठावरच्या एका कारखान्यात मी आयुष्य काढलं.

माझे भाग उत्तरेकडच्या एका ओतशाळेत ओतले गेले आणि नावेतून इथे आले. तेव्हापासून देशोदेशीचे दगड मी दळले. दगड पोटात पडला की आवाजावरूनच तो कुठला ते मला कळे. कामगार मला 'दी आल्टे' म्हणत, म्हणजे म्हातारी. पण पाहुणे आले की आधी मलाच दाखवत.

मग ब्योब्लिंगेनहून रोज एस-बानने, म्हणजे लोकल गाडीने, येणारी हर्षा इथे इंजिनिअर म्हणून लागली. ती मूळची भंडाऱ्याकडची. तिचे वडील यादवराव तिथल्या मँगनीजच्या खाणीत नोकरी करून निवृत्त झालेले. एकदा त्याच खाणीचा काळा दगड आमच्या आवारात आला. हर्षाने एक तुकडा उचलून फोनवर वडिलांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. तिचे हात काळे झाले होते, तरी तिने ते लगेच धुतले नाहीत.

पुढे वाईट दिवस आले. आमच्याकडचा दगड दळून पुन्हा परदेशीच जायचा; तरी इथे उतरला की आधी कर भरावा लागे आणि तो परत मिळायला फार वेळ लागे. गिऱ्हाइकं दुसरीकडे वळू लागली. कारखाना टिकवायचा एकच मार्ग होता: जकात खात्याकडून, म्हणजे त्सॉलआम्टकडून, आवाराला 'त्सॉललागर'चा, म्हणजे करमुक्त गोदामाचा, दर्जा आणि तिथे दळायची परवानगी मिळवायची. ती धावपळ हर्षाकडे आली.

एका दुपारी माझ्याशेजारी उभी राहून ती वडिलांना फोनवर हे समजावत होती. कुंपणाच्या आतला माल अजून देशात आलाच नाही असं धरतात, म्हणून त्यावर कर नाही, असं तिने सांगितलं.

"म्हणजे दारात आला, पण घरात नाही," यादवराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आणि तू, बेटा? तू आलीस का घरात?"

जेवण झालं का, असं विचारून हर्षाने विषय बदलला.

त्सॉलआम्टच्या अधिकारी फ्राऊ बेंडर, म्हणजे बेंडरबाई, पाहणीला आल्या. कुंपण पाहिलं, फाटक पाहिलं, शेवटी माझ्यापाशी आल्या. आत गेलेला आणि बाहेर आलेला माल वजनाने जुळायला हवा होता. माझ्या झिजलेल्या अस्तराच्या फटींत दरवेळी थोडी भुकटी अडकून राही.

"ही चक्की थोडा माल स्वतःकडे ठेवून घेते," त्या शांतपणे म्हणाल्या. "आम्हाला ते चालणार नाही."

हर्षाने माझं अस्तर बदलून पाहिलं, पुन्हा दळण घेतलं. वजन जुळेना. मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला, पण माझी हाडंच जुनी झाली होती. अखेर माझ्या जागी नवी चक्की बसवण्याचा निर्णय हर्षानेच घेतला. दर्जा मिळाला. कारखाना वाचला, कुणाचीही नोकरी गेली नाही. मला मात्र कुंपणाबाहेर फाटकाशी आणून ठेवलं, हिरवा रंग दिला आणि फुलांचा हार घातला.

आता भिंतीपलीकडून नवीचा आवाज येतो. भंडाऱ्याचा दगड आला की मला आवाजावरूनच समजतं, आणि पोट रिकामं असल्याची जाणीव होते.

वसंतात यादवराव लेकीकडे आले. तिने त्यांना आधी माझ्याकडेच आणलं. ते माझ्याभोवती एक फेरी मारून आले.

"निवृत्तीच्या दिवशी मलाही असाच हार घालून बसवलं होतं," ते म्हणाले. "मग कुणी हाक मारली नाही. तुझा फोन येतो, पण त्यात फक्त तब्येत विचारतेस."

हर्षा आत गेली, ग्रीसचा डबा आणि लांब दांडा घेऊन आली. "बाबा, हिला अधूनमधून फिरवलं नाही तर बेअरिंग गंजून धरतील," ती म्हणाली. "मला एकटीला जमत नाही. या बाजूने जोर लावता का?"

यादवरावांनी बाह्या सरसावल्या. दोघांनी मिळून दांडा ओढला. मी आधी करकरले, मग हळूच सरकले. नुसतं रिकामं पिंप, पण फिरलं. यादवरावांना धाप लागली होती. तरी ते म्हणाले, "आणखी एकदा."

इथे होते तोवर ते रोज येत. आता ते भंडाऱ्याला परतले आहेत. हर्षा अजून मला फिरवायला येते; आता तिला एकटीला जमतं, तरी फोन लावून विचारते, "बाबा, आज कुठून जोर लावू?"

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं यंत्र थांबलेलं असेल, एखादं माणूस थांबलेलं असेल. त्याला पुसा, सजवा, त्याची तब्येत विचारा. पण त्याहून आधी त्याला एखादं काम सांगा.