चार बोटं

नळीच्या तोंडात ठोकलेलं बाभळीचं बूच जरा तिरकं बसलं होतं — म्हणजे कोंडीरामला तसं वाटलं. डोळा बारीक करून पाहिलं तर सरळच होतं, तिरकं काही असलंच तर दुसरंच होतं... तो घाईनं नळीत वाळू भरायला लागला. कोरडी, भाजून घेतलेली वाळू. पोकळ नळी तापवून वाकवली की पोटातून चपटते, वाळूनं गच्च भरली की गोल राहते. भोसरीत एवढं तर रांगणारं पोरही सांगेल.

गुरुवार, कंपनीला सुट्टी. पत्र्याच्या शेडमध्ये थंडी नुसती बसून होती. मोटारसायकल हँडलाशिवाय उभी, शिंगं कापलेल्या बैलासारखी ओशाळवाणी. आणि खिळ्याला गेल्या गुरुवारी त्यानं केलेलं हँडल — उंच, मागं वळवलेलं, डावं-उजवं तंतोतंत. फक्त गाडीवर बसलं की डावी मूठ हातात यायची आणि उजवी चार बोटं लांब राहायची. रेस उजवीकडेच! नळी आखूड पडली असणार, सात दिवस तो स्वतःला सांगत होता. नळी.

श्रावणात कंपनीत तेलावरून घसरून त्याचं उजवं कोपर मोडलं. दिवाळीत प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टरांनी हात धरून हळूच ओढला, ओढता ओढता थांबले... "एवढाच उघडणार." घरी येऊन त्यानं बायकोला, नीलाला सांगितलं, सवयीनं सुटेल म्हणाले, संक्रांतीपर्यंत. फोरमनलाही तेच. संक्रांत आठवड्यावर आली होती, आणि त्यानं हे हँडल करायला घेतलं होतं — हात पुढं जात नाही तर मूठच मागं आणू, बघणाऱ्याला वाटावं, गड्याला शौक आहे.

"आरं कोंडीराम, किती हँडलं करशील?" भिंतीपलीकडून घरमालक धोंडीबा ओरडला. "गाडी एकच हाय न्हवं?"

"पहिलं पसंत नाही पडलं, आबा."

"हँडल हाय का नवरी?"

नीला चहा घेऊन आली ती हसतच. मग हसू आवरून खिळ्यावरच्या हँडलाकडे बघत राहिली. "माप कोणत्या हातानं घेतलंत?"

"डाव्या."

"का?"

का म्हणजे? चांगल्या बाजूचं माप घ्यायचं आणि दुसरी तशीच उतरवायची — कंपनीत सतरा वर्षं तो हेच करत आला, हाताखालून वाकवलेल्या नळ्यांच्या हजारो जोड्या गेल्या, डोळे मिटून चाचपलं तरी डावं-उजवं कळू नये अशा. मोडक्या भागावरून कुणी माप घेतं होय?

तिनं सुतळी घेतली. त्याला गाडीवर बसवलं, खांद्यापासून मुठीपर्यंत आधी डावीकडे धरली, मग उजवीकडे, आणि उरलेला तुकडा बोटांवर मोजला. चार.

"ढिली धरलीस."

"मग ओढा की तुम्ही."

त्यानं हात ताणून ओढलं. कोपरात कळ गेली, सुतळी तिथंच.

"दोन्ही बाजू आखूड करतो."

"म्हणजे डावं कोपर बरगडीत. वाकडंच करावं लागणार, अहो." मग आवाज खाली आणून, "डॉक्टर नक्की काय म्हणाले होते?"

शेगडीतला कोळसा तडतडला. तो वर बघेना. खोटं अजून तोंडात तयार होतं, गुळगुळीत, इतक्या वेळा वापरलेलं... पण तिनं विचारलंच असं होतं, की उत्तर तिला दिवाळीपासून ठाऊक असावं.

"एवढाच," तो म्हणाला.

तिनं खडूनं नळीवर दोन खुणा केल्या, मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर नसलेल्या, आणि कपबशी उचलून गेली. त्याच्या डोळ्यांना त्या खुणा सहन होईनात. पुसाव्यात? अंगठा पुढं केला, मागं घेतला. उद्या सकाळी गेटवर शंभर माणसं सायकली धरून उभी असणार, त्यात शेजारच्या मशीनवरचा भैरू पहिला — काय राव, हँडल झोपेत वाकवलंस का? — आणि सगळे हसणार, फोरमन हसणार नाही, फोरमन हाताकडे बघणार...

नळी शेगडीत सरकवली. लाल व्हायला वेळ होता. भैरूला काय सांगायचं? झोपेत नाही रे, बायकोनं... छे. माझ्या मापाचं आहे, तुला बसायचं नाही... हेही नको. तो गाडीच्या टाकीला टेकून वाक्यं जुळवत राहिला, मोडत राहिला, एकही धड जमेना. आणि बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं, की इतका वेळ तो भैरूला उत्तर शोधतोय, हात लपवायची सबब नाही.