अंगठा आणि खुंटी

शुक्रवार, २५ एप्रिल २०२५, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे. ह्यू मॅकिन्टायर यांच्या दिवाणखान्यात मी प्रथमच पाऊल ठेवले आणि चहा येईपर्यंत त्यांचे आडनाव लिहिलेल्या वस्तू मोजल्या. अकरा भरल्या. भिंतीवर कुलचिन्ह, त्याखाली काचेत मढवलेले चौकड्यांचे लोकरी कापड, कपाटात मग, सोफ्यावर उशा. किल्लीच्या साखळीलासुद्धा आडनाव. याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, माझ्या मुलाच्या घरी, आमचे आडनाव एकाच ठिकाणी आहे, दाराबाहेरच्या पाटीवर. तेही हरवडेकर.

मी चहासाठी गेलो नव्हतो. नातीला परत आणायला गेलो होतो.

शिवांगी अकरा वर्षांची आहे. शाळेने तिच्या वर्गाला एक काम दिले होते: एखाद्या आडनावाचा इतिहास पाच मिनिटांत सांगायचा, स्वतःच्या किंवा ओळखीच्या कुणाच्या. ती आधी माझ्याकडेच आली होती.

"आबा, हरवडेकर मीन्स व्हॉट?"

"हरवडे गावचे राहणारे."

"दॅट्स इट?"

"तेवढंच."

ती निघून गेली, ती थेट तळमजल्यावर मॅकिन्टायर यांच्याकडे. त्यापूर्वी शुक्रवारची संध्याकाळ माझी असे. आखातातल्या या अमवाज बेटाच्या पाण्याकडेने आम्ही दोघे फिरायचो, घरी आल्यावर मी काहीतरी तासत बसायचो आणि ती मापाची फीत धरायची. आता सलग तीन शुक्रवार फीत मीच धरत होतो, दोन्ही टोके.

मॅकिन्टायर पंचाहत्तरीचे, उंच, निवृत्त पूल-अभियंता. बोलतात इंग्रजी, पण इतके सावकाश की त्यांच्यावर रागावणे कठीण जाते. मी ते साधले.

"सांग तुझ्या आजोबांना," ते शिवांगीला म्हणाले.

"आबा, त्यांच्या भाषेत नाव आहे मॅक अन तीर. मॅक म्हणजे सन. तीर म्हणजे कारपेंटर." मग माझ्यासाठी तिने मराठी शब्द शोधला. "सुताराचा मुलगा."

मी कप बशीत ठेवला. आवाज थोडा मोठा झाला.

पुढची कथा मॅकिन्टायर यांनी सांगितली. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर त्यांचा एक पूर्वज होडीतून जात असता तळाचे बूच निखळले. त्याने भोकात अंगठा घातला. पण सुकाणू धरायला दोन्ही हात हवेत, म्हणून कुऱ्हाडीने अंगठा तोडून भोकातच राहू दिला. होडी वाचली, त्याला सुतार म्हणू लागले. पुढे वंशजांनी ग्लेन नो नावाच्या खोऱ्यात वस्ती केली. सरदाराला त्या जमिनीचा खंड म्हणून ऐन उन्हाळ्यात बर्फाचा एक गोळा आणि एक पांढरे वासरू द्यायचे. पुढे बर्फाऐवजी पैसे ठरले, पैसे वाढत गेले आणि खोरे सुटले.

"हे सगळं घडलंच, असं मी म्हणत नाही," ते हसले. "घरात असं सांगतात."

आमच्या घरात काहीच सांगत नाहीत, हे मी बोललो नाही. मी म्हणालो, "अंगठा तोडून भोक बुजवतो तो सुतार नव्हे. तो घाबरलेला उतारू."

"आबा!" शिवांगी लाजेने लाल झाली.

जिन्यात मी तिला थांबवले. "आपणही सुतार आहोत. नावाने आणि कामाने."

"सिन्स व्हेन?"

"पिढ्यान्‌पिढ्या. माझ्या वडिलांनी मला शाळेत घालताना गावाचं नाव लावलं. तेव्हा आडनाव ऐकून पंगतीतली जागा ठरायची."

घरी तिने हे सगळ्यांना सांगितले. माझा मुलगा प्रवीण मोबाइलमध्ये डोके घालून बसला. सून अश्विनी मात्र सोडणारी नव्हे.

"कमाल आहे आबा! आमच्या लग्नाच्या बैठकीत माझ्या बाबांनी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, 'आम्ही इंजिनिअरिंगमधली माणसं.' आज खालच्या स्कॉटिशाने सांगितल्यावर सुतार झालात होय?"

"मी तंत्रनिकेतनाचा पदविकाधारक आहे. दोन्ही खरं आहे."

"अंकलकडे थंब आहे," शिवांगी म्हणाली. "आपल्याकडे काय आहे?"

"खुंटी," मी म्हणालो.

इथल्याच मुहर्रक शहरातल्या एका कारखान्यात मी तीस वर्षे दारे-कपाटे केली. शेवटची बारा वर्षे तिथला पर्यवेक्षक होतो. हत्यारांची पेटी अजून माझ्या पलंगाखाली आहे. आठवडाभर मी बाल्कनीत हातभर लांबीची होडी कोरली. तळाला अंगठा जाईल एवढे भोक पाडले आणि त्यासाठी खुंटी केली. दोन्हींसाठी लाकूड घेतले बर्मी सागवान, एका जुन्या दाराचा जपून ठेवलेला तुकडा. बाल्कनीत आंब्याची रिकामी पेटी पडली होती. प्रवीणने झिंज भागातल्या दुकानातून हापूस आणला होता त्याची. "आबा, हे लाकूड चालेल?" असे शिवांगीने विचारले, तेव्हा मी पायानेच ती पेटी बाजूला सारली. मॅकिन्टायरसमोर खोक्याची फळी घेऊन जाणार नव्हतो.

पुढच्या शुक्रवारी मी त्यांना मुद्दाम पाण्याकाठी बोलावले. शिवांगीच्या हाती दोरी दिली आणि तिने होडी सोडली. होडी सुरेख तरंगली. मी मॅकिन्टायरकडे पाहिले. ते होडीच्या तळाकडे पाहत होते.

खुंटीच्या कडेने पाणी वर येत होते. आधी ओल दिसली, मग थेंब, मग धार. शिवांगीने दोरी ओढली, त्या हिसक्याने खुंटी उपटून बाहेर आली आणि होडी एका अंगावर कलली.

मॅकिन्टायर गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरले, होडी उचलून धरली आणि भोकात अंगठा घातला.

"घराण्याची रीत," ते म्हणाले. शिवांगी खिदळली.

"अंगठा काढा," मी म्हणालो. "होडी माझी आहे."

मीही बुटांसकट पाण्यात गेलो. त्यांनी अंगठा काढला, मी माझा घातला. दोन म्हातारे हातभर होडीवरून पाण्यात उभे, असा फोटो शिवांगीच्या टॅबमध्ये आहे. तो पुसायला मी दोनदा सांगितले आहे.

काठावर बसून पायमोजे पिळताना मॅकिन्टायर म्हणाले, "मिस्टर हरवडेकर, तुमचा मुद्दा बरोबर होता. आमच्याकडे दुसरीही कथा सांगतात. एका सरदाराला दूरच्या राजाची मुलगी बायको म्हणून हवी होती. सरदाराच्या माणसाने त्या राजाच्याच जहाजाला गुपचूप भोकं पाडून लोण्याने लिंपली. भर समुद्रात लोणी गेलं. मग त्या माणसाने खिशातून खुंट्या काढल्या: मुलगी आमच्या सरदाराला द्या, जहाज वाचवतो. तोच सुतार, असंही म्हणतात."

"सी, आबा? खुंटी ऑल्सो त्यांचीच!"

अंगठा त्यांचा होताच, आता खुंटीही त्यांचीच निघाली. मी बूट पायात घातले. आत पाणी होते.

"पण त्यांच्या खुंट्या टिकल्या," शिवांगी म्हणाली. "तुमची का नाही टिकली?"

तिने टोमणा मारला नव्हता, तिला खरोखर कारण हवे होते. आणि कारण मला खुंटी निसटली त्याच क्षणी कळले होते. सागवान पाण्यात फारसे फुगत नाही. दारासाठी तो गुण, म्हणून मी आयुष्यभर त्याची शिफारस केली. खुंटीला मात्र पाणी पिऊन फुगणारे सुके, मऊ लाकूड लागते. फुगते म्हणून ती भोकात घट्ट बसते. हे माझ्या वडिलांना ठाऊक होते, पदविकेच्या पहिल्या वर्षी पुस्तकातही होते. मी लाकूड होडीकडे पाहून निवडले नव्हते, मॅकिन्टायरकडे पाहून निवडले होते.

"उंची लाकूड घेतलं, म्हणून," मी तिला म्हणालो. "चल, ती आंब्याची पेटी काढ."

शनिवारी सकाळी तिनेच फळी धरली, मी खुंटी तासली. टबात दुपारपर्यंत होडी तरंगली. शिवांगीने आत बोट फिरवून पाहिले. कोरडे.

"मग आता कुणाचं आडनाव सांगणार?" मी सहज विचारल्यासारखे विचारले.

"आबा, यू वेट."

वेट केले. मंगळवारी अश्विनी मला शाळेत घेऊन गेली. मी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. शेजारच्या खुर्चीवर मॅकिन्टायर त्यांच्याकडचा पुरुषांचा चौकड्यांचा घोळदार घागरा, किल्ट, कमरेला बांधून बसलेले. सारा वर्ग त्यांच्याकडे वळून वळून पाहत होता.

फलकावर मथळा मॅकिन्टायर. त्याखाली देवनागरीत, वाकड्या अक्षरांत, सुतार. वरची अक्षरे खालच्यांपेक्षा चांगली बोटभर मोठी होती. तिने ग्लेन नो सांगितले, बर्फाचा गोळा सांगितला, अंगठा सांगितला. मुले "ईऽऽ" करून ओरडली. मग तिने काचेच्या टाकीत होडी सोडली आणि माझ्याकडे बोट केले.

"दॅट इज माय आबा. पाटीवर हरवडेकर आहे, पण ते सुतार आहेत. ही खुंटी त्यांची. फर्स्ट वन लीक झाली, बिकॉज ते जेलस होते."

वर्ग हसला. अश्विनीने ओढणी तोंडावर धरली. मी ताठ बसलो. मॅकिन्टायर यांनी हळूच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि त्यांच्या या चांगुलपणाचा मला अधिकच राग आला.

शेवटी वर्गशिक्षिका अजरा मॅडमनी विचारले, "खरा सुतार कोण? अंगठावाला की खुंटीवाला? हात वर करा." खुंटीच्या वेळी मॅकिन्टायर यांनी आपला लांबलचक हात सर्वांत उंच केला. मॅडम म्हणाल्या, मोठ्यांचे हात धरत नाही. टाकीतली होडी तोवर आतून कोरडीच होती. मी दोनदा उठून पाहिले.

मुलांची मते: अंगठा एकोणीस, खुंटी अकरा.